वन्सं, बोट का नाही दाखवलंत?

वन्सं, आधीच सांगून ठेवते, मी रडायला बसलेली नाही. रडून झालं ते रेणू होती तोवर, चार लोकांत. ती काल भोपाळला परत गेली. आता घरात मी, प्लास्टरमधून नुकताच सुटलेला माझा हा काटकुळा हात, आणि तुमच्यावरचा राग. तेरावं झालं तरी राग उतरत नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे. तुम्ही जिवंतपणी कधी कुणाचं ऐकलंत, की मी आता लोकांचं ऐकावं?

मला एकच विचारायचं आहे. इतकी वर्षं बोटाला जरा विळी लागली की ते बोट दिव्यासारखं उभं धरून, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात तुम्ही हाक मारायचात, "सुनंदा, बघ गं!" मी हातातलं टाकून यायचे, बोट बघायचे, आणि मग तुमच्यावर ओरडायचे. हा आपला ठरलेला कार्यक्रम होता. ह्याच वेळेला का नाही मारलीत हाक? मी घरातच होते. मोडका हात घेऊन मी जाणार कुठे होते?

रेणू म्हणाली, "मम्मी, आत्या पर ग़ुस्सा करके अब क्या मिलेगा?" पोरीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर द्यायचं झालं की हिंदीच. मी म्हटलं, काही मिळवायचं म्हणून रागावत नाही मी. राग आला आहे म्हणून रागावते आहे.

लग्न होऊन मी मिरजेहून ह्या ओरछा गेटाजवळच्या घरात आले, तेव्हा तुम्ही मुलींच्या शाळेत गणित शिकवत होतात. सगळी गल्ली तुम्हाला जिज्जी म्हणायची. मी रीतीप्रमाणे वन्सं म्हटलं तर तुम्हाला हसूच आलं. म्हणालात, "चल, झाशीत मला वन्सं म्हणणारी कोणी तरी आली." आणि लगेच, "इथे उभी राहून काय विचार करून राहिली आहेस? चहा घे." तुमचं ते मराठी ऐकून मी पदर तोंडाला लावून हसले होते. तुम्ही ते बघितलंत. मग पुढे वर्षभर माझ्या हिंदीवर जे काही हसलात, ते व्याजासकट वसूल केलंत.

उपकार मानायचे तर तेही मानते, रागारागातच मानते. मी मिरजेला पॅथॉलॉजीच्या तपासण्यांचं शिक्षण घेऊन आले होते. इलाइट चौराह्याजवळच्या एका लॅबमध्ये जागा निघाली तर सासूबाई म्हणाल्या, "आपल्या घरची सून परक्या लोकांचं रक्त नि लघवी हाताळणार?" हे, म्हणजे तुमचे धाकटे बंधुराज, वर्तमानपत्रात तोंड घालून बसले. तुम्ही शाळेला निघाला होतात, चपला घालता घालता थांबलात. "आई, घरच्या सगळ्यांची उष्टी ती उचलते, ते चालतं का? जाऊ दे तिला." एवढं म्हणून थांबला नाहीत. पहिल्या दिवशी शाळेला दांडी मारून मला टेम्पोत बसवून लॅबच्या दारापर्यंत आणून सोडलंत. जन्मात कधी न चुकवलेली शाळा. त्या नोकरीवर मी उभी राहिले, वन्सं, हे मी तुम्हाला तोंडावर कधी सांगितलं नाही. तुम्ही सांगू दिलं असतंत तर ना! कौतुकाचा शब्द निघाला की तुम्हाला एकदम गॅसवर काही तरी करपल्याचा वास यायचा.

आणि पुढे त्याच लॅबमध्ये, त्याच हाताने, मी दर महिन्याला तुमचं रक्त काढू लागले.

लहानपणी तुम्हाला सांध्यांचा ताप आला होता. सांधे बरे झाले, पण जाता जाता तो ताप हृदयाच्या एका झडपेचं वाटोळं करून गेला. पन्नाशीला आलात तेव्हा जिना चढताना दम लागायला लागला. दिल्लीला नेलं, ऑपरेशन झालं, आत बाहेरची झडप बसवली. घरी आलात आणि पहिल्याच दुपारी, सगळं सामसूम असताना, मला टिक टिक ऐकू आलं. मी घड्याळ शोधत होते. तुम्ही म्हणालात, "शोधतेस काय, मी आहे ती." त्या टिकटिकीची इतकी सवय झाली, की तुम्ही कुठल्या खोलीत आहात हे मला न बघता कळायचं. तुम्ही चिडलात की ती वाढायची. तुम्ही खोटं बोललात तरी वाढायची. पत्ते खेळताना माझा त्याने फार फायदा झाला.

झडपेबरोबर आली ती रक्त पातळ करायची गोळी. आपलं रक्त फार संशयी. आत बाहेरची वस्तू दिसली की ते तिच्यावर गोठायला बघतं, आणि गोठलेला तुकडा सुटून मेंदूत गेला तर खेळ खलास. म्हणून रोज संध्याकाळी गोळी, जन्मभर. मी देवापुढे दिवा लावला की तुम्ही हात पुढे करायचात, मी तळव्यावर गोळी ठेवायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "दिव्याला नमस्कार, गोळीला नमस्कार, सुनंदाबाईंना नमस्कार." गोळी जास्त झाली तर रक्त वाहतं, कमी पडली तर गोठतं. म्हणून दर महिन्याला तपासणी, आणि तिच्या आकड्यावरून डॉक्टर गोळी कमी-जास्त करणार. साधी सरळ गोष्ट. पण साधी सरळ गोष्ट आमच्या जिज्जींना पटेल तर शपथ!

तुम्हाला तुमची स्वतःची तपासणी हवी होती. झाशीत बाकी सगळे चाकूने भाजी चिरतात. आपल्या घरात मात्र मराठमोळी विळी, तीही पाटावर बसून, कारण पणजोबांच्या काळापासून तशीच रीत. विळीवर बसणाऱ्या बाईचं बोट कधी ना कधी कापायचंच. तुम्ही त्यातून शास्त्र काढलंत. बोट कापलं, रक्त चटकन थांबलं, म्हणजे रक्त घट्ट आहे. वाहत राहिलं, म्हणजे पातळ आहे. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" तुम्ही म्हणायचात. "तुझ्या लॅबच्या आधी मला कळतं."

आणि माझं नशीब असं फुटकं, की एकदा ते खरंच जुळलं! तुमचं बोट थांबेना, मी घाबरून रक्त नेलं, आणि आकडा आला भलता मोठा. गोळी खरोखरच जास्त झाली होती. झालं! त्या दिवसापासून तुम्ही नुसत्या जिज्जी राहिला नाहीत, वैद्यराज झालात. मी डोकं आपटून सांगितलं, वन्सं, एका उदाहरणाने सिद्धता होत नाही, हे तुम्हीच मुलींना फळ्यावर लिहून दाखवता ना? तुम्ही म्हणालात, "मुली वेगळ्या, माझं बोट वेगळं." पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी एका रविवारी मी तुम्हाला स्वयंपाकघरातच धडा दिला. आठवतं? भिंतीवरच्या खुंट्या दाखवल्या, त्यांना टांगलेल्या कापडी पिशव्या दाखवल्या. म्हटलं, रक्तात प्लेटलेट्स असतात, बारीक चकत्या. कुठे जखम झाली की त्या धावत जातात आणि एकमेकींना चिकटून भोकाला बूच मारतात. तुमचं बोट थांबतं ते आधी त्यांच्यामुळे. पण ते बूच कच्चं. ते पक्कं करायला रक्तातली प्रथिनं लागतात, त्यांनी जाळं विणावं लागतं. ही प्रथिनं म्हणजे ह्या पिशव्या. त्या अशाच वाहत गेल्या तर काही करत नाहीत, कुठे तरी अडकून एकत्र आल्या की कामाला लागतात. आणि अडकायच्या कशाला? तर खुंटीला. खुंट्याही प्लेटलेट्सच पुरवतात. चवताळलेल्या प्लेटलेट्सच्या अंगाचे बारीक बारीक कण सुटतात, इतके बारीक की आमच्या साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसायचेसुद्धा नाहीत. ते कण रक्तात हिंडतात, आणि एकेक कण म्हणजे हिंडती खुंटी.

तुम्ही शेंगा सोलायच्या थांबलात. "आणि माझी झडप?"

"तुमची झडप दर ठोक्याला प्लेटलेट्सना धक्के देते. ते कण सुटतच राहतात."

"म्हणजे माझ्या छातीत दिवसरात्र खुंट्या ठोकणं चालू आहे."

"हो."

"आणि तुझी ती गोळी त्या खुंट्या उपटते."

"नाही ना! खुंट्यांना ती हातही लावत नाही. ती पिशव्यांचे बंद शिवू देत नाही. यकृतात पिशव्या तयार होतात, पण बिनबंदाच्या. मग कितीही खुंट्या असोत, पिशवी अडकणार कशाने?"

तुम्ही भिंतीवरच्या खुंट्यांकडे बघितलंत. एखादं गणित सुटलं की तुमचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला होता. मग विचारलंत, "आणि चाकवत? त्याला का नावं ठेवतेस?"

"पालेभाजीत तो बंद शिवायचा दोरा असतो. जास्त खाल्ली की गोळीला न जुमानता बंद शिवले जातात. खा, पण दर वेळी सारखीच. आज टोपलंभर, उद्या काहीच नाही, असं नको."

टहरौलीहून तुमची एक जुनी विद्यार्थिनी दर थंडीत बसमधून पिशवीभर चाकवत पाठवायची, इथले लोक त्याला बथुआ म्हणतात. पिशवी आली की तुम्ही आणि मी दोघी तिच्याकडे बघायचो, तुम्ही प्रेमाने आणि मी संशयाने.

मला वाटलं, जिंकले. पण तुम्ही एवढ्यावर सोडाल कशा? तुम्ही म्हणालात, "लॅबमध्ये तुम्ही लोक काय करता ते सांग." मी आपली सरळ मनाने सांगत गेले. रक्ताची नळी यंत्रात गरगर फिरवतो, प्लेटलेट्स तळाला बसतात, वरचं पिवळं पाणी घेतो, त्यात बाटलीतलं एक द्रव्य घालतो, ते खुंट्यांचं काम करतं, आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजतो. तुम्ही एकदम टाळी वाजवलीत. "म्हणजे प्लेटलेट्स तुम्ही काढूनच टाकता! पिशव्या माझ्या आणि खुंट्या बाजारच्या! ही कसली परीक्षा? ही तर अर्धी परीक्षा!"

"अर्धी असेल. पण गोळी पिशव्यांवर काम करते, म्हणून आम्ही पिशव्याच तपासतो. तुमचं बोट प्लेटलेट्स दाखवतं, दुसरी अर्धी."

"मग दोन्ही मिळून पूर्ण झाली की नाही?"

"असं होत नाही वन्सं."

"का होत नाही? अर्धे अधिक अर्धे?"

मी उठून गेले. तुमच्याशी गणितात कोण वाद घालणार? तो वाद तिथेच राहिला. पुढे कितीदा तरी तो पुन्हा निघाला, आणि दर वेळी मी असंच काही तरी कारण काढून उठून गेले.

हे गेल्यावर घरात आपण दोघीच उरलो. लोकांना वाटायचं, नणंद-भावजय, एका घरात, काय धुमशान चालत असेल. चालायचंच. पण आपल्याला भांडायला कुणी तिसरं लागत नव्हतं, आणि समेट करायलाही.

मग ह्या पौषात मी गच्चीवर कपडे वाळत घालताना घसरले आणि उजवं मनगट मोडून घेतलं. प्लास्टर घालून घरी आले तर तुम्ही कमरेला पदर खोचून उभ्या. "आता स्वयंपाक मी करणार."

"तुमचे गुडघे वाकतात का? आपण डबा लावू."

"डब्यातलं खाऊन भोगी करणार? संक्रांतीच्या आदल्या दिवशी घरात भाजी नाही, भाकरी नाही? लाज नाही वाटत?"

"मग ओट्याशी उभ्या राहून चाकूने चिरा."

"चाकूने चिरतात ती भाजी नव्हे."

तुम्ही पाटावर बसायचा प्रयत्न केलात. अर्ध्यात आलात आणि तोंडातून "आई गं" निघालं. मी म्हटलं, बघा, सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही तुमचा. तुम्ही भिंतीला धरून उठलात आणि काही बोलला नाहीत. तुम्ही बोलला नाहीत, तेव्हाच माझ्या डोक्यात काही तरी यायला हवं होतं. पण हात ठणकत होता आणि मी औषधं घेऊन झोपत होते.

दोन-तीन दिवसांत बघते तर तुम्ही विळीवर मजेत बसलेल्या! मेथी निवडताय, गाजर चिरताय, पुन्हा आपल्या आपण उठताय.

"गुडघे काय म्हणतात?" मी विचारलं.

"ऊन घेते ना गच्चीवर. उन्हाने सगळं बरं होतं."

टिक टिक टिक टिक. मला ऐकू आलं, वन्सं. मी मनात म्हटलं, पायऱ्या उतरून आलात म्हणून असेल.

संध्याकाळच्या गोळीचंही तुम्हीच म्हणालात, "तू हात सांभाळ. दिवा मी लावते, गोळी माझी मी घेते." आणि मी घेऊ दिली.

भोगीच्या आदल्या सकाळी तुम्ही तीळ भाजत होतात. मी बाहेर उन्हात बसले होते. उलथनं पडल्याचा आवाज आला. आत आले तर तुम्ही ओट्याला टेकून, तोंड एका बाजूला, उजवा हात लोंबत, आणि डोळ्यांत असा राग, जणू तुमचाच हात तुमच्याशी उद्धटपणा करतो आहे. तीळ करपत होते. मी डाव्या हाताने गॅस बंद केला आणि शुक्लाइन भाभींना हाका मारल्या. समोरच्या घरातल्या त्या धावत आल्या, त्यांनीच गाडी आणवली.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "ख़ून पतला करने वाली दवा छोड़ी थी क्या?"

मी छातीठोकपणे म्हटलं, "नहीं डॉक्टर साहब. एक दिन भी नहीं."

मग रिपोर्ट आला. इतक्या वर्षांत असा आकडा तुमचा कधी आला नव्हता. अगदी निरोगी माणसाचा आकडा होता, माझा असतो तसा. दुसऱ्या कुणाला तो बघून आनंद झाला असता. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. तुमच्या पिशव्यांना सगळे बंद शिवून तयार होते आणि खुंट्या तर झडप रोजच ठोकत होती. झडपेवर गाठ धरली, तिचा तुकडा सुटला आणि मेंदूत गेला.

आणि तुमचा डावा हात मी हातात घेतला, तर पहिल्या बोटाला चिंधी गुंडाळलेली. हळद लावून, घट्ट, पदराखाली लपेल अशी. सोडून बघितली तर आत विळीची चीर. एक नव्हे, शेजारी आणखी एक, जरा जुनी. म्हणजे बोट कापलं होतं, ते वाहिलं होतं, तुम्ही तुमची परीक्षा घेतली होतीत, रक्त पातळ झालं असा निकाल लावला होतात आणि गोळी बंद केली होतीत. घरी येऊन पाकीट बघितलं, गोळ्या जशाच्या तशा. आणि हे सगळं मला न दाखवता! मी तिथे तुमच्या कानाशी वाकून ओरडले, "बोट का नाही दाखवलंत?" परिचारिकेने मला बाहेर काढलं. तुम्ही डोळे उघडून बघितलंत तेवढंच. तोंडातून शब्द येत नव्हता. पुढचे चार-पाच दिवसही आला नाही, आणि मग तुम्ही गेलातच.

मला कळेना ते एवढंच, की बोट वाहिलं कसं? आकडा तर सांगत होता की रक्त चांगलं घट्ट आहे. आणि तुमचं बोट सांगत होतं की पातळ. हे मी डोक्यात घेऊन बसले होते. लोक भेटायला येत होते, "बड़ी पुण्यात्मा थीं" म्हणत होते, आणि माझं चित्त तिथे नव्हतं. तुम्ही भोगीसाठी चिरून ठेवलेली भाजी रेणूने फेकली, ताटाखाली झाकलेली, सुकलेली, तर मी तिच्यावर अशी तडकले की पोर रडायला लागली. वांगं, गाजर, सोलाणे, चाकवत, सगळं एकसारखं चिरलेलं. तुमची ती शेवटची भाजी होती.

तेराव्याला शुक्लाइन भाभी माझ्याजवळ बसून डोळे पुसत म्हणाल्या, "जिज्जी तो हमाई गोली खाकें मजे सें पटा पे बैठ जात तीं."

मी म्हटलं, "कौन सी गोली, भाभी?"

त्या बिचाऱ्या उठून घरी गेल्या आणि पाकीट घेऊन आल्या. गुडघेदुखीची. तुम्ही मागून नेली होतीत आणि वर बजावलं होतंत, "सुनंदा से मत कहियो."

त्या पाकिटावरचं नाव वाचलं आणि सगळं कोडं सुटलं. वन्सं, अहो, ही गोळी प्लेटलेट्सना झोपवते! म्हणून बोट वाहत होतं! बूच मारणाऱ्याच डुलक्या काढत होत्या. तुमच्या पिशव्यांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. दुखण्याच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत असं मी तुम्हाला शंभरदा सांगितलं होतं, का ते तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. बाकी सगळ्याचं कारण विचारायचात! चाकवताचं विचारलंत, यंत्राचं विचारलंत, हेच तेवढं नाही! अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या झालात आणि चुकीची गोळी बंद केलीत. जी सोडायची ती घेत राहिलात आणि जी घ्यायची ती सोडलीत. गणिताच्या बाई ना तुम्ही? उलट चिन्ह मांडलंत हो!

आणि आता माझी खरी चरफड ऐका. तुम्ही बोट दाखवलं असतंत ना, तर मी आधी ओरडले असते, मग संशय नको म्हणून लॅबमधून कुणाला तरी बोलावून तुमचं रक्त तपासायला दिलं असतं, आणि आकडा बघून चक्रावले असते. आकडा चांगला आणि बोट वाहतंय, मग प्लेटलेट्सना काय झालं? काय गिळलंत, वन्सं? असा दम दिला असता, आणि त्या टिकटिकीनेच तुमचं पितळ उघडं पडलं असतं. म्हणजे माझी अर्धी परीक्षा आणि तुमची अर्धी परीक्षा, दोन्ही मिळून पूर्ण झाली असती. तुम्ही म्हणत होतात तसंच. अर्धे अधिक अर्धे. घ्या, मान्य केलं. इतक्या वर्षांचा वाद, आज मी हरले म्हणून सांगायला तयार आहे, तर ऐकायला तुम्ही नाही. ह्याला काय म्हणायचं?

का दाखवलं नाहीत तेही कळलं. बोट दाखवलं असतं तर मी विळी उचलून माळ्यावर टाकली असती. शुक्लाइनच्या गोळ्या बाहेर आल्या असत्या. गोळ्या गेल्या म्हणजे तुमचं पाटावर बसणं गेलं, आणि मग मला डबा. सुनंदाला भोगीला डब्यातलं खायला लागू नये म्हणून! माझा हात मोडला होता, वन्सं, तोंड नव्हतं मोडलं. मी डब्यातलं खाल्लं असतं. मी महिनाभर चहाखारी खाऊन काढला असता. कुणी सांगितला होता तुम्हाला एवढा जीव लावायला? आयुष्यभर मला कौतुकाचा एक शब्द बोलू दिला नाहीत, आणि जाताना हे असं करून गेलात, ज्याचं आता मी काय करायचं ते मला कळत नाही.

आज सकाळी टहरौलीहून पिशवी आली. त्या मुलीला अजून काही कळलेलं नाही. कंडक्टरचा निरोप, "जिज्जी के लिए." पिशवी उघडली, कोवळा चाकवत, दव अजून पानांवर. फेकून देणार होते. मग विळी काढली, पाट मांडला आणि बसले. हा हात अजून नीट वळत नाही. जुडी धरता धरता निसटली आणि बोट पात्याला लागलं.

रक्त आलं. मी बघत बसले. माझ्या प्लेटलेट्स जाग्या, पिशव्या, खुंट्या, सगळं जिथल्या तिथे, लगेच थांबलं. घर गप्प होतं, कुठेही टिक टिक नाही. आणि माझ्या लक्षात आलं की मी ते बोट उभं धरून बसले आहे, आणि गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने माझ्या तोंडून निघून गेलं होतं, "वन्सं, बघा हो!"